पायथन २ ला नारळ

पायथन २.८ नावाची आवृत्ती जगात कधी आलीच नाही. ती आली नाही, येणार नाही, कोणी वाट बघत बसू नये, हे सांगणारा अधिकृत दस्तऐवज मात्र आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. त्याला पेप म्हणतात आणि प्रत्येक पेपला क्रमांक असतो. नोव्हेंबर २०११ मध्ये या न येणाऱ्या आवृत्तीचं ‘वेळापत्रक’ निघालं, तेव्हा त्याला क्रमांक दिला ४०४. वेबसाइटचं पान सापडलं नाही की ब्राउझर दाखवतो तोच आकडा.

विनोद खास प्रोग्रॅमरी आहे, पण त्यामागचं दुखणं खरं होतं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं आणि ते जाणूनबुजून पायथन २ शी न जुळणारं केलेलं होतं. दोनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम तीनवर जसाच्या तसा चालेल याची हमी नाही. पडद्यावर एक ओळ उमटवणारी ‘प्रिंट’ ही साधी आज्ञासुद्धा तीनमध्ये कंसाशिवाय चालेना. मग जगभरच्या मंडळींनी काय केलं? दोनवरच ठाण मांडलं, वर्षानुवर्षं. जुन्या आवृत्तीला घरी पाठवायला २०२० साल उजाडलं.

चालतंय की!

जुनी आवृत्ती बंद होणार म्हटलं की पहिला प्रश्न हाच. चालतंय ना? मग हात कशाला लावायचा? प्रश्न रास्त आहे, कारण सॉफ्टवेअरला गंज चढत नाही. पायथन २.७ आजही डाउनलोड करता येतं आणि आजही बेरीज बरोबर करतं. निवृत्त होतात ती त्याची देखभाल करणारी माणसं.

आणि ही माणसं बरीचशी फावल्या वेळात, बिनपगारी राबणारी. तीनमध्ये एखादा बग सापडला की लगेच प्रश्न यायचा, हा दोनमध्येही आहे का? असला तर दुरुस्ती जुन्या कोडला बसेल अशी पुन्हा लिहा, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे पुन्हा तपासा, मग नवी उपआवृत्ती काढा. घरात दोन चुली पेटत्या ठेवायच्या आणि दुसरीवर कायम कालचंच अन्न गरम करायचं, असा प्रकार. हे त्यांनी दहा वर्षांहून जास्त केलं.

साधा बग एक वेळ चालवून घेता येतो, सुरक्षेतलं भगदाड चालवून घेता येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये २.७.९ आलं. त्याच्या आधीच्या २.७ ची सवय ऐकून आज अंगावर काटा येईल: ‘एचटीटीपीएस’ने एखाद्या साइटशी जोडणी करताना समोरच्याचं प्रमाणपत्र खरं आहे का, हे ते आपणहून तपासतच नसे. पलीकडे बँक आहे की बँकेच्या नावाने बसलेला भामटा, याची चौकशी प्रोग्रॅमरने मुद्दाम सांगितली तरच व्हायची. जुन्या आवृत्तीत नव्या सोयी घालायच्या नाहीत, हा पायथनवाल्यांचा नियम. सुरक्षेसाठी तो वाकवला, त्यासाठी वेगळा पेप लिहिला. पण असे अपवाद किती वर्षं करत राहणार?

‘मराठी’ची लांबी किती?

दोन का जायला हवं होतं, याचं माझ्या मते सगळ्यात चोख कारण मराठी माणसाला दोन मिनिटांत पटेल. पायथन दोनला विचारा, ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या फाइलमध्ये उत्तर यायचं १५. तीनला विचारा, उत्तर ५: म, र, काना, ठ, वेलांटी.

पंधरा कुठून आले? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं आणि दोनच्या लेखी अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे नुसती बाइटांची रांग. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा घोळ फारसा जाणवलाच नाही. आपल्याला मात्र पदोपदी. ‘मराठी’तलं पहिलं चार चिन्हांचं काप दे म्हटलं, तर दोन हे नेमके चार बाइट कापून हातात ठेवायचं. म्हणजे एक अख्खा म आणि र चा एक तृतीयांश तुकडा! पडद्यावर त्याचं प्रश्नचिन्ह नाहीतर चौकोन.

याहून मजा टिपांची. प्रोग्रॅममध्ये आपण स्वतःसाठी टीप लिहून ठेवतो, ती संगणकाने पाळायची नसतेच. पण अशी टीप मराठीत लिहिली, तरी पायथन २.७ अख्खी फाइल चालवायला नकार द्यायचं. आधी फाइलच्या डोक्यावर एन्कोडिंग जाहीर करणारी ओळ लिहा, मग बोला. ती लिहूनही केव्हातरी अवचित चूक उमटायचीच: आस्की पद्धतीला ‘ई-शून्य’ हा बाइट उलगडता येत नाही. कायम ई-शून्यच का? कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्याच बाइटने सुरू होतं. गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड यांचंही तेच. भाषांवरून भांडणारा अख्खा देश या एका बाइटपाशी एक झाला होता.

तीनमध्ये हे मुळापासून बदललं. मजकूर वेगळा, बाइट वेगळे, आणि दोन्हींची सरमिसळ केली की तिथल्या तिथे चूक दाखवणार. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे न सांगता गृहीत. व्हेरिएबलला ‘एकूण’, ‘गुण’, ‘नाव’ अशी देवनागरी नावं बिनधास्त द्यावीत. कोणी फॉर्ममध्ये ‘१२३’ असं देवनागरीत टाइप केलं आणि तुम्ही त्याची संख्या करायला सांगितली, तर तीन निमूटपणे एकशे तेवीस करून देतं. थेट कोडमध्ये मात्र देवनागरी आकडे लिहिलेले त्याला खपत नाहीत.

सगळं आलबेल आहे असंही नाही. ‘मराठी’ उलटा लिहून दाखव म्हटलं तर तीन ही पाचही चिन्हं उलट क्रमाने मांडतं, आणि सुरुवातीलाच बिनअक्षराची वेलांटी हवेत लटकते. तीन अक्षरी शब्द तीन अक्षरी आहे हे कळायला अजूनही वेगळी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, लागते. पण पंधरावरून पाचावर आलो, हेही नसे थोडके.

या बदलात जुना कोड मोडणार होताच. मजकूर म्हणजे काय, याची व्याख्याच बदलायची आणि कोणाला धक्काही लावायचा नाही, हे जमणारं नव्हतं.

पाच मोठे की शंभर?

दोनचे आणखी काही नमुने बघा.

३ भागिले २ किती? दोनच्या मते १. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेला अर्धा टोपलीत. दोन विषयांत मिळून १५५ गुण मिळवणाऱ्या पोराची सरासरी दोन ७७ काढायचं, तीन ७७.५ काढतं. अर्ध्या टक्क्यावर प्रवेश हुकणाऱ्या आपल्या राज्यात ही बाब किरकोळ नाही.

मजकूर म्हणून लिहिलेले ‘५’ आणि संख्या म्हणून लिहिलेले १००, यांत मोठं कोण? दोन सांगायचं, पाच. मजकूर हा संख्येपेक्षा कायम मोठा, असा त्याच्याकडचा रिवाज. यादी आणि मजकूर यांत मोठं कोण, हे तर त्या प्रकारांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमावरून ठरायचं! तीन असल्या तुलनेला सरळ चूक म्हणतं आणि थांबतं.

दोनमध्ये ‘ट्रू’ला ‘फॉल्स’ची किंमत देता यायची. म्हणजे एका ओळीत सत्य हेच असत्य, आणि पुढचा प्रोग्रॅम त्या हिशोबाने. कोणी मुद्दाम करत नसे, पण भाषेने दार उघडं ठेवलं होतं.

शून्याने सुरू होणारा आकडा दोन अष्टमान पद्धतीत वाचायचं, म्हणजे ०१० बरोबर आठ. फोन नंबरला संख्या समजणाऱ्या नवशिक्यांनी यापायी रात्री जागवल्या असतील.

आणि सगळ्यात घातक ‘इनपुट’. वापरणाऱ्याने जे टाइप केलं ते दोनमधलं इनपुट पायथनचा कोड समजून चालवायचं. तुम्ही विचारलं ‘तुमचं नाव?’ आणि समोरच्या खवचट माणसाने नावाऐवजी फाइल उडवणारी आज्ञा लिहिली, तर फाइल उडाली. सुरक्षित पर्याय होता, पण त्याचं नाव वेगळं, आणि नवशिक्याच्या हाती आधी हेच लागायचं. तीनने सुरक्षित पर्यायालाच ‘इनपुट’ हे नाव दिलं.

एका बाबतीत मात्र तीनने भल्याभल्यांना चक्रावून सोडलं. २.५ जवळच्या पूर्णांकात करा म्हटलं तर दोन ३ सांगायचं, शाळेत शिकवतात तसं. तीन सांगतं २. आणि ३.५ चे ४ करतं. बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जायचं, ही हिशोबनीसांची जुनी पद्धत. मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साचत नाही, हा तिचा फायदा. तरी पहिल्यांदा बघताना पायथन बिघडलंय असंच वाटतं.

काकांची खूण

दोन गोष्टी समान नाहीत हे दाखवायला दोनमध्ये <> ही खूण चालायची. तीनने ती काढली. १ एप्रिल २००९ ला एक पेप निघाला: पायथनचे जनक गिडो व्हान रोसम निवृत्त होत आहेत, बॅरी वॉर्सॉ यांची भाषेचे ‘आजन्म प्रेमळ काका’ म्हणून नेमणूक होत आहे, आणि काकांना आवडते म्हणून <> परत येत आहे. तारीख बघता थट्टा उघड होती. पण ही सोय कोडमध्ये खरोखरच घातलेली आहे, आणि नेमकी ओळ लिहून तीनमध्ये आजही ती चालू करता येते. गिडो पुढे जुलै २०१८ मध्ये भाषेच्या सर्वेसर्वा पदावरून खरंच पायउतार झाले. काकांची नेमणूक काही झाली नाही.

पाचाचे झाले दहा

पायथन २.७ जुलै २०१० मध्ये आलं तेव्हा त्याची देखभाल पाच वर्षं करायची ठरलं होतं, म्हणजे २०१५ पर्यंत. २०१४ मध्ये लक्षात आलं की गाव जागचं हललेलंच नाही. मुदत २०२० पर्यंत वाढली.

गाव हललं नाही याचं कारण लायब्ररी. प्रोग्रॅमर म्हणत, आमची लायब्ररी तीनवर येऊ दे, मग आम्ही येतो. लायब्ररीवाले म्हणत, आमचे वापरकर्ते तीनवर जाऊ देत, मग आम्ही बघतो. पहले आप, पहले आप. पायथनवाल्यांचं संमेलन, पायकॉन इंडिया, २०११ मध्ये पुण्यात भरलं, तेव्हा तीन येऊन पावणेतीन वर्षं झाली होती आणि वेबसाइटवाल्यांचं लाडकं जँगो तीनवर चालत नव्हतं. ते चालू लागलं फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेही प्रयोगादाखल.

मधल्या काळात पूल बांधले गेले. त्यातला गाजलेला ‘सिक्स’, एकच कोड दोन आणि तीन दोन्हींवर चालवायची सोय करणारा. नाव सिक्स का? बे त्रिक सहा. तो लिहिणारे बेंजामिन पीटरसन हेच २.७ च्या आवृत्त्या काढायची जबाबदारी सांभाळत होते. म्हणजे जुन्या घराची किल्लीही यांच्याकडे आणि नव्या घराचा रस्ताही यांनीच आखलेला.

तीननेही थोडी माघार घेतली. दोनमध्ये युनिकोड मजकुराआधी ‘यू’ हे अक्षर लावायची पद्धत होती. तीनमध्ये सगळाच मजकूर युनिकोड, म्हणून तो यू काढून टाकला, आणि लाखो ओळी तेवढ्यावरून अडू लागल्या. २०१२ मध्ये ३.३ आलं आणि यू परत आला. त्याचा तीनमध्ये शून्य उपयोग आहे, केवळ जुन्या लोकांची वाट सोपी व्हावी म्हणून तो ठेवला. हे शहाणपण चार वर्षं आधी सुचलं असतं तर २०१५ ची तारीख कदाचित टिकली असती, असं मला वाटतं.

मग मोठी धेंडं हलली. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये आपण तीनवर गेल्याचं सांगितलं. ड्रॉपबॉक्सचं डेस्कटॉप ॲप २०१८ मध्ये गेलं. खुद्द गिडो तेव्हा ड्रॉपबॉक्समध्ये नोकरीला होते, म्हणजे पायथनच्या जनकाच्या कंपनीतही तीन पोचायला दहा वर्षं लागली. नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब यांसारख्या लायब्ररींनी एकत्र येऊन जाहीर केलं की २०२० पर्यंत आम्ही दोनचा हात सोडणार. लाडीगोडीने जे झालं नाही ते या जाहीरनाम्याने झालं.

मुहूर्त हुकला

१ जानेवारी २०२० ला दोनची देखभाल थांबली. तोवरच्या दुरुस्त्या गोळा करून शेवटची उपआवृत्ती, २.७.१८, एप्रिलमध्ये काढायची, अमेरिकेत पिट्सबर्गला भरणाऱ्या पायकॉनचा मुहूर्त साधून, असा बेत होता. जमलेल्या मंडळींसमोर निरोप समारंभ. तेवढ्यात करोना आला. संमेलन रद्द झालं आणि २० एप्रिलला, सगळे घरात कोंडलेले असताना, २.७.१८ बाहेर पडलं.

गंमत बघा, त्याच एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी जाहीर आवाहन करत होते: कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत. टाळेबंदीत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि तो झेलणारी जुनी मेनफ्रेम यंत्रणा कोबोलमध्ये होती. कोबोलचा जन्म १९५९ चा. वीस वर्षांच्या पायथन २ ला नारळ मिळाला, आणि साठी ओलांडलेल्या कोबोलला कामावर बोलावणं आलं.

गेलं म्हणून गेलं का?

‘पायपाय’ हा पायथनचा दुसरा, वेगवान अवतार आजही २.७ सांभाळतो. हौस म्हणून नव्हे. पायपाय स्वतःच पायथन २ च्या एका पोटभाषेत लिहिलेलं आहे. दोन गेलं तर ते उभं कशावर राहणार?

२०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने दोनमध्ये तीनच्या काही सोयी घालून त्याला ‘पायथन २.८’ म्हणून टाकलं. पायथन फाउंडेशनने नावाला हरकत घेतली, आणि त्याचं नाव झालं टॉथॉन. पेप ४०४ चा शब्द खाली पडला नाही.

ॲपलने मॅकमधून २.७ काढलं मार्च २०२२ मध्ये. देखभाल थांबून दोन वर्षं उलटल्यावर.

गाळलेले आकडे

पायथन २.८ एकटं नाही. पीएचपी ५ नंतर थेट ७ आलं. सहावर काम चाललं होतं, युनिकोड भाषेच्या पोटातच बसवायचा मोठा घाट होता. तो झेपला नाही आणि २०१० मध्ये सोडून दिला. पंचाईत अशी की ‘पीएचपी ६’ शिकवणारी पुस्तकं तोवर दुकानात पोचली होती! उगाच घोटाळा नको म्हणून सहा आकडाच गाळला आणि डिसेंबर २०१५ मध्ये सात आलं.

जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात तिसऱ्या आवृत्तीनंतर पाचवी आहे. चौथीवर इतकी भांडणं झाली की २००८ मध्ये ती बासनात गेली.

पर्ल ६ ची घोषणा झाली २००० साली. त्याआधीच्या बैठकीत भाषा साचलीय, काहीतरी करा, असं म्हणत एकाने कॉफीचे मग भिंतीवर फेकल्याचा किस्सा पर्लवाले अजून सांगतात. आवृत्ती आली २०१५ च्या नाताळात, तोवर ती इतकी वेगळी झाली होती की २०१९ मध्ये तिचं नाव बदलून ‘राकू’ ठेवलं. पर्ल अजून पाचावरच आहे.

निवृत्ती माहीतच नसलेले

जावास्क्रिप्टवाले काहीच काढत नाहीत. काढलं तर १९९६ सालची एखादी साइट मोडेल. ‘नल’चा प्रकार विचारला की जावास्क्रिप्ट ‘ऑब्जेक्ट’ सांगते. ही चूक पहिल्या दिवसापासूनची, सगळ्यांना ठाऊक असलेली, आणि आजही तशीच आहे. नवं घालतानाही जुन्यांना सांभाळायचं. २०१८ मध्ये यादीतल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ नावाची सोय येणार होती. मूटूल्स या जुन्या लायब्ररीत त्याच नावाची स्वतःची सोय होती, त्यामुळे जुन्या साइट मोडू लागल्या. मग नाव काय ठेवायचं? कोणीतरी थट्टेने ‘स्मूश’ सुचवलं, त्यावर बरंच रणकंदन झालं आणि शेवटी ‘फ्लॅट’वर तडजोड झाली.

गो ही भाषा २०१२ पासून शब्द देऊन बसली आहे की आज लिहिलेला कोड उद्याच्या आवृत्तीवर चालेल. रस्टने मधला मार्ग काढला: दर तीन वर्षांनी नवी ‘एडिशन’, पण २०१५ च्या एडिशनमधला कोडही आजचा कंपायलर चालवतो. पायथनची फरफट बघून दोघांनी धडा घेतला असावा.

आणि सी? सीमध्ये ‘गेट्स’ नावाचं एक फंक्शन होतं. टाइप केलेली ओळ वाचायची, पण ती मावेल का हे न बघता. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप फैलावणारा प्रोग्रॅम इंटरनेटभर पसरला, तो पसरायच्या वाटांपैकी एक वाट याच फंक्शनमधून जात होती. सीच्या मानकातून गेट्सला हाकललं २०११ मध्ये. तेवीस वर्षं! निवृत्तीला उशीर कशाला म्हणतात ते यावरून कळावं.

निळा पडदा

महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलेल्यांना वेगळं उदाहरण द्यायला नको. बोर्लंडचं टर्बो सी प्लस प्लस, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. निळा पडदा, पिवळी अक्षरं, ‘कोनिओ’ची हेडर फाइल, पडदा पुसायला ‘सीएलआरएससीआर’ आणि शेवटी पडदा गायब होऊ नये म्हणून ‘गेटसीएच’. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८ मध्ये, म्हणजे हे साधन मानकाच्याही आधीचं. त्यातला पूर्णांक दोन बाइटांचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८. नव्या विंडोजवर ते चालेनासं झालं, तर कॉलेजांनी डॉसचं सोंग करणारा डॉसबॉक्स आणून त्यात चालवलं, पण सोडलं नाही. ‘जर्नलमध्ये असंच आहे’ हे कारण पुरेसं होतं.

पोरं नोकरीच्या मुलाखतीला जायची आणि तिथे पहिल्यांदा कळायचं की ‘आयोस्ट्रीम’पुढचा ‘डॉट एच’ भाषेने केव्हाच सोडलाय. निर्माता देखभाल थांबवतो तेव्हा निदान तारीख तरी जाहीर करतो. अभ्यासक्रम तेही करत नाही.

पैसे टाका, आयुष्य वाढवा

जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये. धंद्यासाठी वापरणाऱ्यांना ओरॅकलकडून मिळणारी फुकट अपडेट जानेवारी २०१९ नंतर बंद झाली. पैसे मोजणाऱ्यांसाठी मात्र ओरॅकलने डिसेंबर २०३० पर्यंतची मुदत ठेवली आहे. बँका आणि विमा कंपन्या ते मोजतात. निवृत्तीचं वय खिशावर ठरतं, हे इथेही खरं.

दर ऑक्टोबरला एक

दोनच्या फरफटीनंतर पायथनवाल्यांनी तऱ्हाच बदलली. ३.९ पासून दर ऑक्टोबरला एक नवी आवृत्ती, प्रत्येकीला पाच वर्षांचं आयुष्य. सुरुवातीला सगळे बग दुरुस्त, नंतरची वर्षं फक्त सुरक्षेपुरती, आणि त्या टप्प्यात विंडोजसाठी तयार इन्स्टॉलरही मिळत नाही, नुसता सोर्स कोड. मोठा धक्का एकदाच देण्यापेक्षा दरवर्षी चिमटा. पायथन ४ चं नाव काढलं तर जुनीजाणती मंडळी विषय बदलतात.

चिमटे मात्र बसतात. ३.९ नंतर ३.१० आलं, तेव्हा आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणांनी ते दशांशात वाचून ३.१ समजलं आणि लोकांना चुकीच्या आवृत्त्या मिळाल्या. ३.१३ मध्ये पायथनसोबत येणारे १९ जुने मोड्यूल एकदम काढले, त्यांत टेलनेटचा आणि नव्वदच्या दशकातल्या वेबसाइटींचा आधार असलेला सीजीआयचा. सूचना आधी दोन आवृत्त्या दिलेली होती, तरी कुरकुर झालीच. ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. पाय या गणिती स्थिरांकाची किंमत ढोबळमानाने ३.१४, तेव्हा विनोदांना तोटा पडला नाही.

त्याच महिन्यात ३.९ ची मुदत संपली. ३.१० साठी ठरलेला महिना आहे ऑक्टोबर २०२६. तुमच्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे ते आत्ताच बघा: टर्मिनल उघडा, ‘पायथन’ लिहा, पुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून ‘व्हर्जन’, आणि एंटर. ३.९ किंवा त्याखालचं काही दिसलं तर मूळ प्रकल्पात त्याची दुरुस्ती करणारं आता कोणी नाही. ३.१० दिसलं तर कामाला लागा, आणि लायब्ररींपासून सुरुवात करा.